बिअरच्या कारखान्यातला चोथा आणि घरचं खत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज पट्ट्यात बिअरचे कारखाने आहेत. आसपासच्या गोठेवाल्यांना तिथला बार्लीचा चोथा अगदी ओळखीचा, पण कुंड्या आणि परसबागवाल्यांना तो नवाच वाटतो. गेली काही वर्षं मी अंगणात, गच्चीवर आणि एकदा दिराच्या शेतात बांधाला हा चोथा कुजवून खत केलंय. दोनदा सपशेल फसले, ते खाली येईलच. लोक जे विचारतात ते आणि मी जे सांगते ते, असं हे पान आहे.

चोथा म्हणजे नक्की काय असतं?

कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, चीक काढल्यावर कापडात जे उरतं ते आठवा. तसंच हे, फक्त गव्हाऐवजी बार्ली. बार्लीला मोड आणून वाळवतात, भरडतात आणि साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. तिच्यातल्या पिठाची साखर होऊन पाण्यात उतरते. ते गोड पाणी बिअर करायला पुढे जातं. टरफलं, तंतू आणि प्रथिनं मागे राहतात. कधी कधी बार्लीबरोबर तांदूळ किंवा मकाही घालतात, म्हणून चोथ्यात मधूनच पांढरे-पिवळे कण दिसले तर घाबरू नका. १०० लिटर बिअरमागे असा ओला चोथा साधारण २० किलो निघतो.

ताजा असला की वास छान येतो, शिजवलेल्या लापशीसारखा. दुसऱ्या दिवशी आंबूस. तिसऱ्या दिवसाचं विचारू नका.

त्यात दारू असते का? तुळशीला चालेल का?

दारू नसते. चोथा गाळून बाजूला पडतो त्यानंतर गोड पाणी उकळतात, थंड करतात, आणि मग त्यात यीस्ट घालतात. दारू तयार होते ती तिथे, चोथ्याशिवाय. घरी आणल्यावर तो आंबला तर थोडाफार मद्यार्क होतो, पण तेवढा इडलीच्या पिठातही होतो.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या माळकरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मोगऱ्याला घाल, जास्वंदीला घाल. तुळशीला शेणखत आहे." वर्षभर तसंच चाललं. पुढच्या वर्षी तुळशीच्या वृंदावनात काळी भुसभुशीत माती कुठून आली ते मी विचारलं नाही. तुमच्या घरात कुणाची हरकत असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. तुळशीला लागतं ते मूठभर खत.

हीच का ती मळी? साखर कारखान्याच्या बाजूला शेतात सोडतात ती?

नाही, आणि हा घोळ आपल्याकडे फार होतो, कारण मराठवाड्यात साखर कारखाने गावोगावी. उसाच्या मळीपासून दारू किंवा इथेनॉल काढल्यावर जे तपकिरी, उग्र वासाचं पाणी उरतं ते स्पेंटवॉश. त्यात पालाश (पोटॅश) आणि क्षार भरपूर असतात, आणि ते कुंडीत घालायची चीज नाही. साखर कारखान्याचा प्रेसमड हा तिसराच प्रकार. तो उसाच्या रसाचा गाळ, कंपोस्टला चांगला. मका-तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यातून वाळलेला भुगा निघतो, तो पशुखाद्य म्हणून विकतात आणि खतात घालायला महाग पडतो. आपण बोलतोय ते फक्त बिअरच्या चोथ्याबद्दल.

मिळतो कुठे? कारखान्याच्या गेटवर जाऊन मागायचा का?

गेटवरचा माणूस तुम्हाला परत पाठवेल. मोठ्या कारखान्यांचा चोथा ठेक्याने जातो, ट्रॉल्या आणि टेम्पो भरून, थेट गोठ्यांवर. म्हणून रस्ता गोठ्यातून आहे. दूध कुठून येतं ते पाहा, त्या गवळ्याला विचारा. आमच्या दूधवाल्या मामांकडे दर आठवड्याला ट्रॉली येते. तळाचा आणि कडेचा माल आंबून काळपट पडतो, तो जनावरांना घालायचा नसतो, आणि तो ते उकंड्यावरच टाकत. मी तोच मागितला. पहिल्यांदा ते हसले. आता पोतं भरून ठेवतात.

आणताना आत प्लास्टिकची पिशवी असलेलं खताचं पोतं घ्या. चोथ्यातून पाणी निथळतं आणि स्कूटीच्या पायदानावर पडलं तर वास चार दिवस जात नाही. २० लिटरची बादली भरली की सहज १५-२० किलो होते, तेव्हा एकदम तीन पोती उचलायचा हिशेब करू नका.

गाई-म्हशींच्या तोंडचा घास आपण झाडांना घालायचा, हे बरोबर आहे का?

चांगला ताजा चोथा जनावरांचाच. वाळवलेल्या वजनावर त्यात २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात आणि दुभत्या जनावराला त्याचा फायदा होतो. मी स्वतः ताजा माल विकत घेऊन खत करत नाही आणि कुणाला करा असं सांगतही नाही. पण बुरशी धरलेला, आंबून चिकट झालेला माल जनावराला घालणं धोक्याचं. बुरशीचं विष दुधात उतरतं. तो माल खताला आला तर गोठेवाल्याचंही बरं आणि आपलंही.

प्रमाण काय ठेवायचं?

इथे नीट थांबून वाचा, कारण फसतात ते सगळे इथेच फसतात. मीसुद्धा.

पहिल्या वर्षी, एप्रिल महिना. दोन पोती चोथा आणला, अंगणातल्या खड्ड्यात ओतला, वरून चार घमेली माती टाकली आणि हात झाडले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का?" खड्डा उकरला तर आतला माल लापशीसारखा घट्ट, पिवळट, आणि वास उलटीचा. वर माशांचं मोहोळ. त्यातलं काही वाया गेलं नाही, पण ते सगळं बाहेर काढून पाचोळ्यात मिसळताना नाकाला ओढणी बांधून दोन तास गेले.

झालं काय होतं? चोथ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त आणि कर्ब (कार्बन) त्या मानाने कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब असला की बरं पडतं. चोथ्यात हे गुणोत्तर १२ ते १५ च्या आसपास, म्हणजे निम्मंच. त्यात तो बारीक आणि चिकट, दाबला की हवा बंद. जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं आणि हवेविना आतला माल सडतो.

उपाय एकच, कोरडा काडीकचरा. वजनाने १० किलो ओल्या चोथ्याला ५ किलो वाळलेला पाचोळा. मी काट्यावर मोजून बसवलेलं प्रमाण आहे आणि कागदावरच्या हिशेबातही ते जुळतं: गुणोत्तर २५ च्या जवळ येतं आणि मिश्रणाचा ओलावा साधारण ५५ टक्के. काटा नसेल तर बादलीने मोजा. एक बादली चोथा, चार बादल्या हाताने चुरलेला पाचोळा. न चुरता भरलात तर आठ-दहा बादल्या लागतात. पाचोळा फुगीर असतो, बादली भरली म्हणजे वजन आलं असं नाही.

शंका आली तर कोरडा माल वाढवा. कोरडं जास्त झालं तर खत उशिरा होतं, एवढंच. चोथा जास्त झाला तर काकू विचारायला येतात.

एवढा कोरडा माल आणायचा कुठून?

मराठवाड्यात हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं! आपल्याकडे कोरड्याला तोटा नाही, तोटा ओल्याचा. फेब्रुवारीनंतर बांधाबांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले दिसतात. सोयाबीनच्या मळणीनंतरची गुळी, तुरीच्या तुराट्या, हरभऱ्याचं भुसकट, उसाचं पाचट, यातलं काहीही चालतं. शहरात असाल तर फाल्गुन-चैत्रात कडुलिंबाचा, पिंपळाचा, बदामाचा पाचोळा झाडून लोक कोपऱ्यात जाळतात. त्यांच्याकडे पोतं घेऊन जा, ते आनंदाने देतील. वर्षाचा साठा त्या दोन महिन्यांतच करून ठेवायचा. आषाढात वाळलेलं पान मिळत नाही.

पऱ्हाटी आणि तुराटी अख्खी घालून उपयोग नाही, वर्षभर तशीच राहते. कुटी मशिनमधून किंवा श्रेडरमधून बारीक केलेली हवी, बोटाच्या पेराएवढी. पऱ्हाटीबाबत आणखी एक फायदा. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत दडून बसते, म्हणून ती शेताकडेला रचून ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. बारीक करून गरम ढिगात गेली की तो प्रश्नही मिटतो.

वखारीतला लाकडाचा भुसा चालतो पण जपून. त्यात कर्ब फार, आणि तो एकटाच वापरला तर चोथ्याबरोबर गच्च बसतो. पाव भाग भुसा, बाकी पाचोळा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. पुठ्ठ्याची खोकी ओली करून फाडली की चांगली, चिकटपट्टी तेवढी काढा. ज्वारीचा कडबा मात्र घालू नका. शास्त्र काही नाही त्यात. कडब्याची पेंढी खतात गेलेली पाहिली तर गोठेवाले मामा पुन्हा पोतं देणार नाहीत.

पाणी किती मारायचं?

सुरुवातीला अजिबात नाही. माझ्या मते मराठवाड्यात या चोथ्याची खरी किंमत इथेच आहे. ओल्या चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. १० किलोच्या बादलीत साडेसात लिटरहून जास्त पाणी, ते तुम्ही वाहून आणलेलंच आहे. वरच्या प्रमाणात मिसळला की तोच ओलावा पाचोळ्याला पुरतो.

आता नाडेपचा हिशेब पाहा. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही पद्धत, विटांचं जाळीदार टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. ते भरायला काडीकचरा, शेण, माती आणि वर १५०० ते २००० लिटर पाणी लागतं. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात एवढं पाणी खताला कोण देणार? म्हणून टाकी बांधलेली असतात आणि रिकामी असतात. त्यात ५०० किलो चोथा पातळ थरांनी गेला तर पावणेचारशे-चारशे लिटर पाणी त्यातूनच मिळतं. सगळं भागत नाही, पण भार हलका होतो.

आणि चोथ्यातलं हे पाणी येतं कुठून? जायकवाडी धरणातून. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. कारखाने असावेत की नसावेत यावर तुमचं मत काहीही असो, गेटमधून बाहेर पडणाऱ्या ओल्या पोत्यातलं पाणी उकंड्यावर सुकू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

पुढे ढीग पलटताना मूठभर माल घट्ट पिळून पाहा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाचोळा घाला, हात कोरडाच राहिला तर धुण्याभांड्याचं शेवटचं निवळ पाणी शिंपडा.

वास येतोय. काय चुकलं?

कसला वास ते आधी सांगा. नाकात झोंबणारा, जुन्या मुतारीसारखा असेल तर तो अमोनिया, म्हणजे नत्र जास्त. कोरडा माल वाढवा. सडक्या अंड्याचा किंवा उलटीचा असेल तर हवा कमी. ढीग पलटा, आणि पलटताना पऱ्हाटीचे जाडसर तुकडे घाला म्हणजे पोकळी राहते. आंबट ताकासारखा असेल तर काही करू नका, दोन-तीन दिवसांत जातो.

माशा, अळ्या, डुकरं?

माशा चोथ्यावर बसतात, पाचोळ्यावर नाही. म्हणून चोथा कधी उघडा ठेवायचा नाही. वर चार बोटं पाचोळा आणि त्यावर तयार खताचा किंवा मातीचा हात. एवढ्याने नव्वद टक्के त्रास जातो.

मोठ्या, चपट्या, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर बहुधा त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या आपल्या बाजूच्या. चोथा भराभर खातात, झाडाला काही करत नाहीत, आणि त्यांची माशी घरात घोंघावत नाही. कोंबड्या असतील तर त्यांची दिवाळी.

मोकाट डुकरं आणि कुत्री यांना मात्र जाळीच हवी. उंदरांसाठीही. गावात उघड्या ढिगावर चोथा टाकलात तर सकाळी ढीग शिल्लक राहणार नाही.

खतात पांढऱ्या, इंग्रजी सी आकाराच्या जाड अळ्या निघाल्या. हुमणी आहे का?

असू शकते. अर्धवट कुजलेल्या शेणखतात आणि कचऱ्यात हुमणीच्या आणि गेंडा भुंग्याच्या अळ्या वाढतात, दोन्ही पांढऱ्या आणि वाकलेल्या. लोक त्यांचा वेगवेगळा अभ्यास करतात. मी दोन्ही वेचून कोंबड्यांना घालते. हुमणी मुळं खाते, त्यामुळे अशी अळी कुंडीत जाऊ देऊ नका. खत चाळूनच वापरा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर जमतात आणि मग अंडी घालायला मऊ जागा शोधतात. त्या आठवड्यांत ढीग झाकलेला ठेवा. शिवाय चोथ्याचा ढीग नीट तापला तर आतल्या भागात कुठलीच अळी जगत नाही.

तापतो म्हणजे किती?

हात आत धरवत नाही इतका. तीन फूट लांब, रुंद आणि उंच एवढा ढीग असला, प्रमाण बरोबर असलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटात ५५ ते ६५ अंश होतात. त्याहून लहान ढीग तापतो पण टिकत नाही. माझ्याकडे थर्मामीटर नाही. एक लोखंडी गज ढिगात खुपसून ठेवते, पाच मिनिटांनी ओढून मुठीत धरते. मूठ लगेच सोडावी लागली तर सगळं ठीक चाललंय.

डिसेंबरच्या एका पहाटे ढीग पलटायला घेतला. पहिल्या फावड्याला वाफेचा लोट वर आला, रस्त्यावरच्या दिव्यात पांढरा धूर दिसावा तसा. मॉर्निंग वॉकवाले एक गृहस्थ फाटकाशी थांबून ओरडले, "वहिनी, पेटलंय तिथं!" त्यांना आत बोलावलं, हात शेकायला सांगितले. आता ते पाचोळा आणून देतात.

दर चार-पाच दिवसांनी पलटायचं, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. चौथ्या-पाचव्या पलटीनंतर गरमी ओसरते. मग त्याला एकटं सोडायचं.

खड्डा बरा की ढीग?

मार्चपासून मेपर्यंत खड्डा, जूनपासून ढीग. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला की उघड्या ढिगाची बाहेरची वीतभर कड सुकून कडक होते. दीड-दोन फूट खड्ड्यात, लिंबाच्या सावलीत, वर ओलं पोतं टाकून ओल टिकते. पावसाळ्यात तोच खड्डा विहीर होतो, कारण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तेव्हा जमिनीवर विटा, त्यावर जाड काड्या, त्यावर ढीग, आणि वर ताडपत्री. मुरमाड प्लॉट असेल तर एवढं कडक पाळायची गरज नाही.

थेट मातीत घातला तर? एवढी उठाठेव कशाला?

ताजा चोथा झाडाच्या बुंध्याशी पसरू नका. वर पापुद्रा धरतो, बुरशी येते, आणि कुजताना सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळांना भाजतो. मोकळ्या वाफ्यात घालायचा तर वीतभर खोल चर काढून, पातळ थर देऊन, मातीत मिसळून झाका आणि महिनाभर तिथे काही लावू नका.

त्यातून बार्ली उगवेल का?

नाही. भरडलेली आणि गरम पाण्यातून निघालेली बार्ली मेलेली असते.

गांडुळांना घालता येतो का?

येतो, पण ताजा नाही. ताज्या चोथ्याची उष्णता आणि अमोनिया यांनी गांडुळं पळतात, पळायला जागा नसेल तर मरतात. माझी दुसरी फसगत हीच. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना टाक्यात चार किलो चोथा टाकून गेले, "खातील बिचारी आठवडाभर" म्हणून. परत आले तर टाक्याच्या भिंतीवर वाळलेल्या दोऱ्यांसारखी चिकटलेली होती. आधी पाचोळा आणि शेणाबरोबर पंधरा-वीस दिवस कुजवा, थंड झाल्याची खात्री करा, मग थोडा थोडा द्या. उन्हाळ्यात टाकं सावलीत असेल तरच.

चुना, राख, गूळ, ताक, कल्चर यातलं काय घालू?

चुना नको. आंबट झालाय म्हणून लोक चुना घालतात आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातं. हवा मिळाली की आंबटपणा आपोआप जातो. शिवाय आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. तिला आणखी चुना कशाला? राखेचंही तेच, मूठभर ठीक, टोपलंभर नको. चोथ्यात पालाश कमी असतं, कारण ते गोड पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून काहीजण राख सुचवतात. पण काळ्या मातीत पालाश सहसा भरपूर असतं. कुंडीत नुसतं कोकोपीट वापरत असाल तर केळ्याच्या साली घाला.

गूळ-ताकाने नुकसान नाही, फरकही मला दिसला नाही. शेणकाल्याची, म्हणजे पाण्यात कालवलेल्या शेणाची, एक बादली मात्र पहिल्या ढिगाला द्या. ढीग थंड झाल्यावर ट्रायकोडर्मा (एक उपयोगी बुरशी) मिसळला तर मर रोगाला उपयोग होतो; परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे अशी जैविक कल्चर मिळतात. गरम ढिगात टाकलात तर पैसे वाया.

एकदम जास्त मिळाला. साठवू कसा?

उन्हाळा असेल तर वाळवा. गच्चीवर ताडपत्री, बोटाच्या पेराएवढा थर, दिवसातून दोनदा हात फिरवा, पापडांसारखीच देखरेख. आपल्या मेच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत होतो आणि वजन चौथ्या भागावर येतं. गोणीत भरून ठेवलेला असा चोथा मी पावसाळ्यात मूठमूठ वापरते. एक लक्षात ठेवा, वाळला की त्याच्यातलं पाणी गेलं. मग ओलावा वेगळा द्यावा लागतो.

पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका. आला त्याच दिवशी पाचोळ्यात मिसळून टाका.

फ्लॅटमध्ये राहतो, बाल्कनीच आहे.

भोकं पाडलेला माठ किंवा बादली. रोजच्या ओल्या कचऱ्यात दोन मुठी वाळलेला चोथा आणि आठ मुठी चुरलेला पाचोळा. ओला चोथा बाल्कनीत आणूच नका. २०१८ मध्ये संभाजीनगरचा नारेगावचा कचरा डेपो बंद पडून शहरात कचऱ्याचे डोंगर साचले, तेव्हापासून बऱ्याच घरांत असे माठ आहेत. त्यात हे बसून जातं. लहान माठ तापत नाही, त्यामुळे वेळ जास्त लागतो.

बुरशीचा त्रास होतो का? घरात दम्याचा पेशंट आहे.

मग त्यांनी ढीग पलटू नये. हिरवी-काळी बुरशी धरलेला माल हलवताना बीजाणू उडतात. बाकीच्यांनीही तोंडाला फडकं बांधावं, आणि माल आधी थोडा ओला करून घ्यावा.

तयार किती दिवसांत होतं? कळतं कसं? निघतं किती?

पलटत राहिलात तर उन्हाळ्यात दोन-सव्वादोन महिने, थंडीत तीन. नाडेपसारखं न पलटता ठेवलं तर चार महिने धरा. रंग काळपट, वास पहिल्या पावसातल्या मातीचा, आणि चोथ्याचं एकही टरफल ओळखू येत नाही असं झालं की तयार. तरी खात्री नसेल तर मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून कच्चं आहे. किंवा वाटीभर खतात मेथी पेरा, नीट उगवली तर खत तयार. मेथी खोटं बोलत नाही.

१० किलो चोथा आणि ५ किलो पाचोळ्याचं चाळून पाच-सहा किलो खत निघतं. पहिल्यांदा पाहून हिरमोड होतो. निम्म्याहून जास्त पाणी होतं आणि उरलेल्यातला बराच कर्ब हवेत गेला.

कुठल्या झाडाला किती?

कुंडीच्या मातीत चौथा हिस्सा. वाफ्याला चौरस मीटरला दोन-तीन किलो. गुलाब, मोगरा, कढीपत्ता, वांगी, सगळ्यांना मानवतं. मेथी-पालकावर फरक पंधरा दिवसांत दिसतो. रोपं तयार करायच्या ट्रेमध्ये मात्र जपून, नत्र जास्त झालं की रोपं उंच आणि लुळी होतात.

शेतासाठी ट्रॉलीभर आणून करता येईल का?

येईल, दिराच्या बांधावर केलंच होतं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ५ टन शेणखत ही नेहमीची शिफारस. म्हणजे एकरी दोन टन. ३ टन चोथ्याला दीड टन कोरडा माल लागतो आणि त्यातून दीड-पावणेदोन टन खत हाती येतं. एवढा माल फावड्याने पलटणं दोन माणसांचं काम नाही, जेसीबी किंवा ट्रॅक्टरचं लोडर सांगावं लागतं. वाहतूक धरली तर वाळूजपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत परवडतं. परभणी-हिंगोलीकडून कुणी विचारतं तेव्हा मी सांगते, पाणी वाहून न्यायला डिझेल जाळू नका, तिकडे साखर कारखान्याचा प्रेसमड जवळ पडेल.

आणि ट्रॉली बोलावण्याआधी पऱ्हाटी बारीक करून बांधावर ठेवलेली हवी. आम्ही ट्रॉली रिकामी करून घेतली आणि मग श्रेडर भाड्याने शोधायला निघालो. तो मिळाला चौथ्या दिवशी. तोपर्यंत दिराने त्या बांधाकडे जायचं सोडलं होतं.